दोन खोल्या वाढवायच्या, तर आर्किटेक्ट कशाला?

धाकट्याचे लग्न ठरते. कार्यालय, आहेर, मानपान यांच्या याद्या होतात आणि एका रात्री जेवणे आटोपल्यावर आई हळूच विषय काढते, "सगळं खरं, पण ही दोघं राहणार कुठं?" घर तीन खोल्यांचे. चाळीस वर्षांपूर्वी सोसायटीच्या भूखंडावर आजोबांनी पै-पै जोडून बांधलेले. मागे थोडे अंगण, बाजूला पेरूचे झाड, वर मोकळी गच्ची. वडिलांच्या फंडाचे पैसे नुकतेच हातात आलेले असतात. "गच्चीवर दोन खोल्या काढू," ते म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकांकडे काम केलेला मिस्त्री हजर होतो, टेप न काढता पावलांनीच गच्ची मोजतो आणि उभ्याउभ्या आकडा सांगतो. आर्किटेक्टचे नाव निघताच तो हसतो. "दोन खोल्यांना आर्किटेक्ट? ताजमहाल बांधायचाय का, साहेब?"

हे घर नाशिकचे असेल, सोलापूरचे असेल, इंदूर, बडोदे किंवा बेळगावचेही असेल. संवाद थोड्याफार फरकाने हाच. आणि मिस्त्रीचे म्हणणे वरवर पटण्यासारखेही असते. फी द्यायची ती कशाची? चार रेघा मारलेल्या कागदाची? तेवढ्या पैशांत एखाद्या खोलीची फरशी होईल, असा हिशेब घरातले सगळेच करतात.

हा हिशेब चुकतो तो एका ठिकाणी. मोकळ्या जागेवर नवे घर बांधण्यापेक्षा राहत्या घराला जोड देणे हे अवघड काम आहे. नव्या घरात पायापासून सगळे आपल्या हातात असते. जुन्या घरात पायात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसते; ज्याला ठाऊक होते तो गवंडी कधीच गेलेला असतो.

जुने घर काय सोसेल?

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची बहुतेक बैठी घरे कॉलम-बीमवर उभी नाहीत. नऊ इंची विटांच्या किंवा दगडाच्या भिंतींनीच स्लॅबचे वजन पेललेले असते. 'हॉल जरा मोठा करू' म्हणून अशा घरातली मधली भिंत काढणे म्हणजे छताचा टेकूच काढणे. पायाही त्या वेळी एका मजल्यापुरताच घेतलेला असू शकतो. वर आणखी दोन खोल्या, त्यांच्या भिंती, स्लॅब, पाण्याची टाकी आणि जिना एवढे ओझे तो सोसेल की नाही, हे गच्चीवर पावले टाकून कळत नाही. त्यासाठी एका कोपऱ्यात खड्डा घेऊन पाया उघडा करून पाहावा लागतो. तो किती खोल आहे, किती रुंद आहे, खाली मुरूम आहे की काळी माती, हे बघावे लागते.

काळी माती हा तर दख्खनच्या आणि माळव्याच्या घरांचा जुना वैरी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि दरवर्षी भिंतींना नवी भेग देऊन जाते. अशा जमिनीत जुन्या पायाला खेटून नव्या खोलीचा पाया खणला, तर जुनी भिंत बाजूला उघडी पडते. शिवाय जुने घर इतक्या वर्षांत बसायचे तेवढे बसलेले असते. नवी खोली मात्र पहिल्या वर्ष-दोन वर्षांत आपल्या वजनाने थोडी खाली बसणार. दोन्ही भिंती एकजीव बांधल्या, की नेमक्या सांध्यावर वरपासून खालपर्यंत भेग पडते. पुढचा पाऊस त्याच भेगेतून आत येतो आणि नव्या सुनेच्या खोलीतल्या रंगाचे पोपडे निघू लागतात. गवंडी भेग बुजवून जातो; ती पुन्हा येते. कारण भेग बुजवण्याची नसतेच. तिथे आधीच विचारपूर्वक सांधा सोडायचा असतो आणि त्यावर पाणी आत न जाण्याची व्यवस्था करायची असते.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचा केंद्रबिंदू कच्छमध्ये होता, पण तिथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादमध्येही इमारती कोसळल्या. एरवी वर्षानुवर्षे निमूट उभ्या राहणाऱ्या घराचे दुबळेपण अशा एका मिनिटात उघडे पडते.

इथे एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. घराच्या मजबुतीचे गणित हे मुळात आर्किटेक्टचे काम नाही. ते स्ट्रक्चरल इंजिनियरचे, ज्याला आपल्याकडे सर्रास 'आरसीसी कन्सल्टंट' म्हणतात. आर्किटेक्ट खोल्यांची मांडणी, उजेड-वारा, जिना, पाण्याचे मार्ग, परवानगीचे नकाशे आणि कामाची देखरेख पाहतो आणि मजबुतीसाठी इंजिनियरला बरोबर घेतो. चांगला आर्किटेक्ट पहिल्याच भेटीत म्हणतो, "वर बांधता येईल का ते मी आज सांगणार नाही. आधी पाया बघू." जो गच्चीवर चढण्याआधीच "होऊन जाईल" म्हणतो, त्याच्याबद्दल दोनदा विचार करावा, मग त्याच्याकडे कोणतीही पदवी असो.

'आर्किटेक्ट' कोणी म्हणवायचे?

नगरपालिकेच्या कचेरीभोवती फेरी मारली, तर 'नकाशे पास करून मिळतील' अशा पाट्या ओळीने दिसतात. कुणी 'प्लॅनर अँड डिझायनर', कुणी 'बिल्डिंग कन्सल्टंट', कुणी 'वास्तुतज्ज्ञ'. यातला आर्किटेक्ट कोण?

याचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट १९७२ मध्ये आला आणि त्याखाली दिल्लीत 'कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर' ही परिषद स्थापन झाली. मान्यताप्राप्त पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून या परिषदेकडे नाव नोंदवलेल्या माणसालाच स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवता येते. कायद्यातल्या ३७ व्या कलमात हे स्पष्ट आहे. गंमत म्हणजे बागबगीचे आखणारा 'लँडस्केप आर्किटेक्ट' आणि जहाजे आखणारा 'नेव्हल आर्किटेक्ट' यांना याच कलमाने सूट दिली आहे.

पण इथेच एक पाचर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका निकालात सांगितले, की हे कलम 'आर्किटेक्ट' या उपाधीचे रक्षण करते. घराचे आराखडे काढण्याच्या कामाला नोंदणी नसलेल्यांना बंदी करत नाही. म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या घराचा नकाशा काढला, तर तेवढ्याने तो गुन्हा होत नाही. पाटीवर 'डिझायनर' लिहिणारा माणूस कायदा मोडत नसतो. त्याने काय शिकले आहे याची चौकशी मात्र आपल्यालाच करावी लागते. इंटिरियर डिझायनर आणि वास्तुशास्त्र सांगणारे सल्लागार यांना तर अशी कायदेशीर नोंदणीच नाही. नावात 'वास्तु' आहे म्हणून वास्तुशास्त्रवाल्याला वास्तुविशारद समजण्याची चूक शिकल्यासवरलेल्या घरांतही होते.

चौकशी अगदी सोपी आहे. प्रत्येक नोंदणीकृत आर्किटेक्टला एक क्रमांक असतो. आधी 'सीए' ही अक्षरे, मग नोंदणीचे वर्ष आणि मग अनुक्रमांक. तो विचारावा, लिहून घ्यावा आणि परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत ताडून पाहावा. नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते, तेव्हा ती चालू आहे ना हेही तिथेच पाहावे. घरातल्या शाळकरी मुलाला सांगितले तरी पाच मिनिटांत होते. आपण डॉक्टरच्या दवाखान्यात शिरताना पाटीवरची पदवी वाचतोच. इथे तर फंडाची पुंजी पणाला लागलेली असते. नंबर विचारल्यावर जो रागावतो, त्याने आपले काम सोपे केले असे समजावे.

आणखी एक खूण. या परिषदेच्या १९८९ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार आर्किटेक्टला, काही ठरावीक अपवाद सोडून, आपल्या व्यवसायाची जाहिरात करता येत नाही. चालू कामावर किंवा कचेरीबाहेर नाव लावता येते, पण अक्षरे दहा सेंटीमीटरपेक्षा उंच नकोत. गिऱ्हाईक मिळवण्यासाठी कमिशन देणे-घेणेही मना आहे. तेव्हा चौकात प्रचंड फलक लावून 'घर वाढवा, नकाशा मोफत' म्हणणाऱ्याकडे पाहून एक भुवई वर जायला हरकत नाही.

सगळ्यात सावध राहावे ते 'सही' मिळवून देणाऱ्यांपासून. नकाशा कुणीतरी ड्राफ्ट्समन काढतो, त्यावर सही दुसऱ्याच कुणाची येते आणि सही करणाऱ्याने ते घर कधी पाहिलेलेही नसते. काम बिघडले की ड्राफ्ट्समन म्हणतो, सही माझी नाही. सही करणारा म्हणतो, साइट माझी नाही. ज्याची सही तोच घरी येऊन मोजमाप घेणार आहे ना, एवढे आधीच विचारून घ्यावे.

अर्थात प्रत्येक कामाला आर्किटेक्ट लागतोच असे नाही. स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा, न्हाणीघराची फरशी नवी करायची, तर चांगला गवंडी आणि प्लंबर पुरे. लहान घरांचे नकाशे सादर करण्याचा अधिकार बऱ्याच नगरपालिकांत परवानाधारक इंजिनियर किंवा सुपरवायझरलाही असतो आणि त्यांच्यात अनुभवी, सचोटीची माणसे आहेत. छोट्या गावात आर्किटेक्टच नसेल, तर असा इंजिनियर नक्कीच बरा. मात्र भिंत पाडायची आहे, मजला चढवायचा आहे किंवा अंगणात खोली काढायची आहे, तर नोंदणी वा परवाना असलेल्या माणसाशिवाय फावडे उचलू नये.

त्याची घरे पाहा, तीही पावसाळ्यात

नावे मिळवायची कुठून? नात्यातल्या, ओळखीतल्या ज्यांनी अलीकडे घर वाढवले त्यांच्याकडून. मोठमोठे संकुल बांधणारे नावाजलेले आर्किटेक्ट दोन खोल्यांचे काम बहुधा घेत नाहीत आणि घेतले तरी ते कचेरीतल्या शिकाऊ मुलावर सोपवतात. त्यापेक्षा पाच-दहा वर्षांचा अनुभव असलेला, स्वतः साइटवर जाणारा तरुण आर्किटेक्ट अशा कामाला अधिक बरा. दोन-तीन जणांना भेटावे.

प्रत्येकाकडे त्याने केलेल्या जोडकामाचे पत्ते मागावेत. चकचकीत फोटो पाहून भुलू नये. फोटोत ओल दिसत नाही. घरमालकाची परवानगी घेऊन प्रत्यक्ष जावे, जमल्यास पावसाळ्यात. जुन्या-नव्या भिंतीचा सांधा पाहावा, खिडकीखालचा गिलावा पाहावा, स्वयंपाकघरात दुपारी दिवा लावावा लागतो का ते पाहावे. नवी खोली काढताना जुन्या खोलीची खिडकी बुजवून तिला अंधारकोठडी करणे ही जोडकामातली फार मोठी आणि फार सर्रास चूक आहे. आणि घरातल्या बाईंशी बोलावे. अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांत किती फरक पडला, फोन केला तर माणूस भेटत होता का, काम किती महिने रेंगाळले, हे त्या बरोबर सांगतात. धूळ त्यांनीच झाडलेली असते.

तो बोलतो किती, ऐकतो किती

पहिल्या भेटीत आर्किटेक्टने काय दाखवले यापेक्षा त्याने काय विचारले ते महत्त्वाचे. घरात किती माणसे, आजींना जिना चढवतो का, रात्री उठावे लागते तर न्हाणीघर किती दूर, पाणी किती वाजता येते, दिवाळीला माहेरवाशिणी आल्या की अंथरुणे कुठे पडतात? हे प्रश्न ज्याने विचारले, त्याच्या नकाशात माणसे राहत असतात. पुष्कळदा अशा बोलण्यातून असेही निघते, की खोल्या वर काढून तरुण जोडप्याला तिथे पाठवण्याऐवजी खाली थोडी फेररचना केली, तर एकच खोली पुरते. कमी बांधायला सांगणारा आर्किटेक्ट भेटला, तर त्याला सोडू नये.

कुटुंब वाढते तसे घर वाढते, या साध्या गोष्टीवर फार मोठ्या माणसाने काम केले आहे. १९२७ मध्ये पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरजवळ 'अरण्य' ही वसाहत आखली. तिथल्या बहुतांश कुटुंबांना तयार घर दिले गेले नाही. भूखंड, जोते आणि नळ-शौचालयाची सोय एवढेच दिले. खोल्या ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे, एकेक करून चढवायच्या. पण पुढे जिना कुठून जाईल, मजला कसा चढेल, याचा विचार पहिल्या दिवशीच झालेला होता. १९९५ मध्ये या वसाहतीला आगाखान पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये वास्तुकलेतला मानाचा प्रिट्झकर पुरस्कार मिळालेले दोशी हे पहिले भारतीय. २०२३ मध्ये ते गेले. आपल्या आर्किटेक्टला म्हणूनच एक प्रश्न जरूर विचारावा: दहा वर्षांनी आणखी एक खोली लागली, तर ती कुठे निघेल?

वास्तुशास्त्राचा प्रश्न अनेक घरांत निघतोच. घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह असेल, तर तो पहिल्याच दिवशी सांगून टाकावा. नकाशा मंजूर झाल्यावर कुणीतरी येऊन जिना हलवायला सांगतो, तेव्हा खर्च दुप्पट होतो आणि मने कडू होतात.

नकाशा आधी, विटा नंतर

"आपल्याच गच्चीवर बांधायला परवानगी कशाला?" हा प्रश्न दर दुसऱ्या घरात ऐकू येतो. भूखंडावर एकूण किती बांधता येईल याला चटईक्षेत्राची मर्यादा असते आणि चारही बाजूंना ठरावीक अंतर मोकळे सोडावे लागते. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार परवानगीशिवाय केलेले बांधकाम पाडून टाकण्याची नोटीस येऊ शकते, आणि खटलाही होऊ शकतो. मुंबई व काही भाग वगळता राज्यभर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे आणि तिच्यात लहान भूखंडांसाठी पद्धत बरीच सोपी केलेली आहे. इतर राज्यांत, किंबहुना शहराशहरांत, नियम वेगळे. इंदूरला चालले ते बडोद्याला चालेलच असे नाही. म्हणूनच त्या गावचा अनुभव असलेला माणूस हवा.

तो सुरुवातीलाच जुना मंजूर नकाशा, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, कराची पावती मागेल. सोसायटीची जागा असेल तर तिचे ना-हरकत पत्रही. जुना नकाशा सापडत नसेल, तर नगरपालिकेतून नक्कल काढावी लागते आणि त्यालाच कधी कधी महिना जातो. काम पुरे झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घेणे पुष्कळजण विसरतात. पुढे घर विकायचे किंवा गहाण ठेवायचे म्हटले, की हीच कागदाची उणीव आडवी येते. घरवाढीसाठी कर्ज काढायचे असेल, तर बँक मंजूर नकाशा आणि खर्चाचे अंदाजपत्रक आधीच मागते.

फी आणि करार

फीबद्दल संकोच दोन्ही बाजूंना असतो, आणि त्यातूनच पुढची भांडणे उगवतात. फी बांधकामखर्चाच्या टक्केवारीत, चौरस फुटाला अमुक किंवा ठोक रकमेत ठरते. लहान कामाला ठोक रक्कम सोयीची. खर्च वाढला की फी वाढणार, ही भीती मनात राहत नाही. परिषदेने फीचे मार्गदर्शक दर जाहीर केलेले आहेत, ते बोलणीपूर्वी पाहून ठेवावेत. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत: प्राथमिक आराखडा, परवानगी, कामाचे तपशीलवार नकाशे, जोते, स्लॅब आणि अखेर. वस्तू व सेवा कर धरून की सोडून, इंजिनियरची फी त्यात आहे की वेगळी, नगरपालिकेचे शुल्क कोण भरणार, हे पानभर करारात लिहून घ्यावे.

करारात सर्वांत महत्त्वाची ओळ साइटभेटींची. पायाचे खड्डे पाहायला, स्लॅबची सळई बांधून झाल्यावर आणि काँक्रीट पडण्यापूर्वी, आर्किटेक्ट आणि इंजिनियर यांनी यायलाच हवे. काँक्रीट पडले की आतली सळई कुणाला दिसत नाही. काँक्रीटला किमान सात दिवस आणि कडक उन्हाळ्यात दहा दिवस पाणी मारायचे असते. सेंट्रिंग लवकर काढून दुसऱ्या साइटवर न्यायची ठेकेदाराला घाई असते, त्याला "अजून नाही" म्हणणारा कुणीतरी आपल्या बाजूचा लागतो. ठेकेदाराची बिले मोजमाप ताडून पाहूनच द्यावीत. रेती-खडी किती ब्रास आली, सिमेंटच्या किती गोण्या लागल्या, याची वही घरातल्या एकाने ठेवावी. निवृत्त माणसाला हे काम फार छान जमते.

इतके करूनही वाद झालाच तर? आर्किटेक्टच्या गैरवर्तनाची तक्रार परिषदेकडे करता येते. फी घेऊन सेवेत कसूर झाली असेल, तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. दोन्हीकडे करार आणि पावत्यांवाचून काही चालत नाही.

गिलावा होण्याआधी भिंतीतल्या नळांचे आणि वायरींचे फोटो काढून ठेवावेत. काम संपल्यावर प्रत्यक्ष जसे बांधले तसा अखेरचा नकाशा आर्किटेक्टकडून मागून घ्यावा, इंजिनियरची सळईची रेखाचित्रेही. हे सगळे एका फायलीत घालून घराच्या खरेदीखताजवळ ठेवावे. अशी एक फाईल आजोबांनी ठेवली असती, तर पाया पाहायला पेरूच्या झाडाजवळ खड्डा घ्यावा लागला नसता.